समुद्राला टॉवेल-टोपी

या ग्रुपवर मी बरीच वर्षं आहे, पण फक्त वाचायला. दुपारी स्टाफरूममध्ये डबा खाता खाता तुमचे अनुभव वाचते आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसते. राग मानू नका... मी परभणीत ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते. हायवेवर पांढऱ्या साडीतली बाई हात दाखवत होती असं कुणी लिहिलं, की माझ्या मनात येतं — बिचारीची एसटी चुकली असेल. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आता आहे का, ते नंतर विचारा. आधी काय झालं ते ऐका.

आमच्या गोष्टीत भूत नाही, अंधार नाही, स्मशान तर नाहीच. जानेवारीतलं स्वच्छ ऊन होतं, आम्ही चौघं होतो, आणि गाडीत धपाट्यांचा डबा होता.

चौघं म्हणजे मी, माझा नवरा दिगंबर, आमची दहावीतली मुलगी ओवी आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंना आम्ही सगळे आईच म्हणतो. हे सगळं घडलं ते त्यांच्या बाबतीत, म्हणून त्यांच्याबद्दल आधी सांगते.

माझे सासरे देवळात पुराण सांगायचे. ते गेले तेव्हा गल्लीतल्या बायका आईंना म्हणाल्या, आता तुम्ही वाचा. तेव्हापासून आमच्या ओसरीवर दुपारची पोथी सुरू झाली. आई वाचणार, अर्थ सांगणार, मध्येच कुणाच्या तरी सुनेची चौकशी करणार, पुन्हा वाचणार. पोथीत समुद्र पदोपदी येतो. मंथन येतं, सेतू येतो, द्वारका बुडते... आई हातवारे करून लाटा दाखवायच्या. आणि एवढं सगळं करून या बाईंनी समुद्र बघितलेलाच नव्हता! माहेर मानवत, सासर परभणी, लांबचा प्रवास म्हणजे गंगाखेडला गोदावरीचं स्नान. "जिंदगीभर समुद्र सांगायलेय मी बायकांना," त्या म्हणायच्या, "अन् तो कसा असतो ते मलाच म्हाईत नाई. खोटं बोलल्यावाणी वाटतं बघ."

"येत्या उन्हाळ्यात नक्की नेतो," असं दिगंबर दर वर्षी म्हणायचा. आणि मग गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं — काचबिंदू आहे, उशिरा लक्षात आलाय. गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेलीही जाणार, औषधांनी फक्त जरा सावकाश जाईल. आईंना तेव्हाच बाजूचं दिसेनासं झालं होतं. पाइपातून बघावं तसं समोरचं तेवढं गोल दिसायचं. त्यात हृदयाच्या डॉक्टरांनी लांबच्या प्रवासावर बंदी घातली. दीड-दोन तास बसून जा, जेवा, परत या, त्याच्या पलीकडे काही नाही. म्हणजे नजर आहे तोवर समुद्र दाखवायला हवा होता, आणि समुद्र आहे तिथवर आईंना न्यायचीच सोय नव्हती.

त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर दिगंबर जेवलाच नाही. काही आठवड्यांनी मात्र एक जुनी छोटी गाडी दारात आणून उभी केली आणि पन्नाशीला टेकलेला माणूस ड्रायव्हिंग शिकायला लागला. "समुद्र नाही तर नाही," म्हणाला, "दिवसात जाऊन येण्यासारखं जे जे आहे ते सगळं आईला दाखवणार."

मग आमचे रविवार सुरू झाले. गंगाखेडचा घाट झाला, मुदगलचं गोदावरीच्या पात्रातलं देऊळ झालं, चारठाण्याची जुनी मंदिरं झाली. नवरा गाडी इतकी जपून चालवतो की उसाचे ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकतात. एका ट्रॅक्टरवाल्याने तर वळून काळजीने विचारलं होतं, "गाडी बंद पडायलीय का काका?" आई पुढच्या सीटवर पट्टा बांधून, चक्क मांडी घालून बसायच्या. "दिगू, बैलगाडी बरी होती रे याच्यापरीस. निदान बैल तरी घरी जायच्या घाईत असतेत."

पण एखाद्या ठिकाणी पोचलो की त्यांचं बोलणं थांबायचं. मान सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायच्या, एकेक गोल तुकडा बघून अख्खं चित्र मनात जुळवायच्या. ते मला फार वेळ बघवायचं नाही. मग मी उगाच डबे उघडायला लागायचे. आणि जिथे पाणी असेल तिथलं थोडं छोट्या बाटलीत भरून घ्यायचं, तीर्थ म्हणून, हा आईंचा नेम. देवघरात बाटल्यांची रांग लागली होती.

जानेवारीत एकदा जेवताना दिगंबरने जाहीर केलं, "या रविवारी समुद्र."

आईंनी घास खाली ठेवला. "मला येडी समजायलास का रे? सकाळी निघून समुद्रावर दुपारचं जेवण?"

"आपल्या जिल्ह्याचा समुद्र गं! येलदरी. धरण काठोकाठ भरलंय म्हणे. तू फक्त सरळ समोर बघायचं. पलीकडचा काठ बघायचाच नाही."

मला हा विनोद अजिबात आवडला नाही, मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला. पण आई घास पुन्हा उचलत म्हणाल्या, "बरं. मग समुद्राला रिकाम्या हातानं कसं जायचं?"

आमच्याकडे नदीवर गेलं की खणा-नारळाने तिची ओटी भरतात. इकडे सगळ्या पाण्याला गंगाच म्हणायची सवय, त्यामुळे ओटीचा प्रश्न कधी पडला नव्हता. आईंना मात्र पडला. समुद्र लक्ष्मीचा बाप, सगळ्या नद्यांचा नवरा — त्याची ओटी कशी भरणार? "बापमाणसाला कुठं ओटी भरतेत का? त्याला टॉवेल-टोपीच करायला पाहिजे."

मराठवाड्याबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे लग्नकार्यात पुरुष पाहुण्याचा मान टॉवेल-टोपीने करतात. तेव्हा शनिवारी माझा नवरा समुद्रासाठी टॉवेल-टोपी घेऊन आला. आईंनी टॉवेल बोटांत धरून चोळून बघितला आणि परत पाठवला. "हा पातळ हाय. एवढ्या मोठ्या माणसाला हलका टॉवेल शोभत नाई." दुकानदाराला दिगंबरने काय कारण सांगितलं असेल, देव जाणे.

संध्याकाळी मी धपाट्यांचं पीठ मळत होते — आईंसाठी वेगळं, अळणी, कारण त्यांचं मीठ बंद आहे. तेवढ्यात त्या चाचपडत स्वयंपाकघरात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मीना, ते धरण हाय हे मला कळतं गं. पण दिगूला काई बोलू नको. त्याच्या मनाला लय लागून राहिलंय. मी समुद्र म्हणूनच बघीन." मी मान डोलावली, मग त्यांना दिसलं नसेल म्हणून तोंडाने "हो" म्हणाले. पिठात पाणी जरा जास्तच पडलं त्या दिवशी.

रविवारी झरी, बोरी करत जिंतूर गाठलं आणि तिथून येलदरी. भिंतीजवळ गर्दी होती, म्हणून आम्ही वळसा घालून मागच्या बाजूला, जलाशयाच्या काठाला उतरलो. जागा नीट सांगते, कारण पुढे त्याला महत्त्व आहे. काठाला वाळू नावालाही नाही. काळी माती, मुरूम आणि दगड. एका बाजूला बाभूळ, तिच्यापलीकडे म्हशी पाण्यात बसलेल्या. समोर पाणी ताटात ठेवल्यासारखं स्थिर, वाऱ्याची झुळूक नाही. आणि पलीकडचे डोंगर स्पष्ट दिसत होते, त्यावर चरणारी जनावरंसुद्धा.

आईंनी काठावर बसून नारळाला गंध लावलं, अक्षता वाहिल्या आणि मोठ्या मायेने टोपी त्याच्या डोक्यावर चढवली. अगदी घट्ट बसली हो! "आहेर गोड मानून घ्या दादा, उशीर झाला यायला," असं म्हणून नारळ पाण्यात सोडला. टोपी घातलेला नारळ डुलत डुलत निघाला तेव्हा ओवी मोबाइलवर शूटिंग करता करता हसून खाली बसली. टॉवेल मात्र भिजून काठालाच अडकला. तो दिगंबरने बाभळीवर वाळत घातला आणि पुढे प्रसाद म्हणून वापरला.

मग आई म्हणाल्या, "मला आत जायचंय जरा."

मी त्यांचा हात धरून घोट्यापर्यंत पाण्यात उतरले. थंडगार पाणी, पायाखाली दगड टोचत होते. आई समोर बघत उभ्या राहिल्या. मान फिरवली नाही. मला वाटलं, मुलाने सांगितलंय म्हणून सरळ बघतायत.

थोड्या वेळाने त्यांनी माझा हात एकदम दाबला. "आला, आला!" म्हणत साडी गुडघ्यापर्यंत उचलली आणि खिदळत दोन पावलं मागे आल्या. पाणी हललंसुद्धा नव्हतं. मी हसले. मुलासाठी नाटक करायचं तर किती करावं! त्या पुन्हा पुढे गेल्या, थांबल्या, पुन्हा "आला गं बाई!" आणि मागे. सत्तरी ओलांडलेली, हृदयाची गोळी घेणारी बाई लहान मुलीसारखी उड्या मारत होती. दिगंबर काठावरून ओरडत होता, "आई, सांभाळून, पडशील!" आणि त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद मी लग्नातसुद्धा बघितला नव्हता.

एकदा मात्र त्या मागे यायच्या ऐवजी पुढे ओढल्या गेल्या. माझ्या हाताला चांगला हिसका बसला. "ओढायलंय गं मला," आई म्हणाल्या. मी त्यांना कमरेत धरलं. पाय घसरला असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

मग त्या शांत झाल्या. बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "लय मोठा हाय गं मीना," त्या म्हणाल्या. "त्याला कडाच नाई."

समोर डोंगर होता. त्यावर गुरं चरत होती. 

जेवताना आईंनी ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाल्या, "खारट लागायलंय." दिगंबर लगेच माझ्यावर घसरला — डॉक्टरांनी मीठ बंद केलंय आणि तू धपाट्यात घातलंस? मी म्हटलं, खाऊन बघ. त्याने खाल्लं आणि निमूट ठेच्याकडे वळला. अळणीच होतं ते.

घरी आल्यावर आईंची साडी दोरीवर टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काढायला गेले. काठ पापडासारखा कडक झाला होता. त्यावर पांढऱ्या रेघा, वेड्यावाकड्या, एकावर एक. कॉलेजात असताना मी एकदाच कोकणात सहलीला गेले होते. समुद्रात भिजलेली सलवार वाळल्यावर तिच्यावर अश्शाच रेघा उठल्या होत्या, म्हणून मी ओळखल्या.

पण मी केमिस्ट्रीची बाई. पहिला विचार आला तो धरणाच्या पाण्यातल्या क्षारांचा. दुसरा लोणच्याचा. साडीचा काठ थोड्या शुद्ध पाण्यात बुडवून ते पाणी आणि देवघरातलं येलदरीचं 'तीर्थ' थोडंसं, असं दोन्ही मी कॉलेजच्या लॅबमध्ये नेलं. (बाटलीला हात लावल्याबद्दल आईंकडून बोलणी खाल्ली ती वेगळी.) मीठ ओळखायला दोन्हींत सिल्व्हर नायट्रेट घातलं. तीर्थाची टेस्टट्यूब जेमतेम धुरकट झाली, नळाच्या पाण्याची होते तेवढीच. साडीच्या पाण्यात मात्र दह्यासारखा पांढरा साका झर्रकन बसला. फ्लेम टेस्टला ज्योत पिवळीधमक. म्हणजे मीठ. साधं, आपलं खायचं मीठ, भरपूर.

त्याच पाण्यात त्यांच्या शेजारी मी उभी होते. माझ्या सलवारीवर काही नव्हतं. टॉवेल काढताना भिजलेल्या दिगंबरच्या पँटवर काही नव्हतं. लोणचं काठाला लागलं म्हणावं तर तेलाचा डाग नाही, हळद नाही. घाम म्हणावा तर तो पावलाशी, आणि जानेवारीत? ओवीचा व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा बघितला. पाणी स्थिर आहे, म्हशी रवंथ करतायत, आणि आई सारख्या अंतराने, अगदी तालात, पुढे जातायत, मागे येतायत. नाटक करणारं माणूस इतकं तालात करत नाही. ते मधूनच विसरतं, घाई करतं.

दिगंबरला मी रेघांचं सांगितलं. तो म्हणाला, "क्षार असतील." मी पुढे वाद घातला नाही, कारण माझ्याकडे तरी दुसरं काय होतं?

फेब्रुवारी संपता संपता आईंची नजर गेली. इतकी लवकर जाईल असं डॉक्टरांनाही वाटलं नव्हतं. आई दोन दिवस रडल्या, मग देवघर, न्हाणीघर, ओसरी सगळं हाताने पाठ करायला लागल्या. पण दिगंबर पार खचला. रविवारी गाडी निघेना. तिच्यावर धुळीचा थर बसला. "एक गोष्ट मागितली होती तिनं," तो मला म्हणाला, "आणि मी तिला धरणावर नेऊन थट्टा केली." मी खूप समजावलं. ऐकेना. आईंच्या समोर बसायचंही टाळायला लागला.

ओसरीवरची पोथी आता शेजारच्या सुमनकाकू वाचतात आणि आई अर्थ सांगतात. गेल्या शनिवारी दुपारी पोथीत समुद्र आला. दिगंबर आतल्या खोलीत होता, मी दारात चिवडा घेऊन उभी.

"लाट येती ते समद्यांना म्हाईताय," आई सांगत होत्या. "पण ती परत जाती ना, तवा खरी मजा हाय. टाचेखालची वाळू काढून नेती. आपण हललेलो नसताव, पण पाय खाली खाली जायलेत. खाली बघितलं तर वाटतं आपणच मागं मागं चाललाव. मी मीनाचा हात गच्च धरला होता बघा."

चिवड्याचं ताट माझ्या हातात तसंच राहिलं. ज्याने समुद्र बघितलाय त्याला हे माहीत आहे. पण हे पोथीत नाही. हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही, आमच्या घरात कुणीच सांगितलेलं नाही. आणि येलदरीच्या त्या काठाला वाळू नाही, हे तुम्हाला आधीच सांगितलंय.

दिगंबर कधी बाहेर येऊन उभा राहिला ते कळलंच नाही.  "आई... हे तुला कुणी सांगितलं?"

आईंनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "सांगायला कशाला पाहिजे? तूच तर नेलं होतंस की मला. असं कामून विचारायलास?"

तो बायकांच्या गराड्यात जाऊन आईंच्या पायाशी बसला आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. सगळ्यांसमोर. सुमनकाकूंनी पोथी मिटली. आई त्याच्या टकलावरून हात फिरवत राहिल्या, आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "उठ आता. गाडी गंजून जाईल खामखा. अन् हे बघ दिगू, माझा बर्फाचा डोंगर राहिलाय बघायचा. जवळपास कुठं असला तर बघून ठेव."

तर हे असं आहे. मला याचं काहीही स्पष्टीकरण देता येत नाही. साडी मी धुतलेली नाही, कुणाला तपासायची असेल तर खुशाल या. उद्या रविवार. दिगंबरने सकाळपासून गाडी धुऊन चकाचक केलीये, आणि आम्ही नेमगिरीच्या टेकडीवर निघालोय. परभणीत आत्ताच अंगाची लाही व्हायला लागलीये, नेमगिरीला काही वेगळं नसणार. तरी धपाट्यांच्या डब्याशेजारी, पिशवीत, आईंचा स्वेटर आणि कानटोपी मी स्वतःच्या हाताने घातलीये.